काचेतला कॅमेलिया

दिवाळीच्या सुट्टीत कालिंपोंगला गेलो होतो, तिथल्या नर्सरीतून कॅमेलियाचं रोप आणलं. ही चहाची सख्खी चुलत बहीण! जाड, चकचकीत, बारमाही हिरवी पानं आणि भर थंडीत गुलाबासारखी फुलं. आमच्या रोपाला पाच कळ्या होत्या. फोटो बघून मावशीने लगेच विचारलं, "नागपुरात जगेल का गं?"

मला भीती थंडीची होती. डिसेंबर २०१८ मध्ये इथला पारा ३.५ अंशांवर उतरला होता, ते मी विसरले नव्हते. म्हणून नंदनवनच्या आमच्या घरात काचा लावून बंद केलेल्या गॅलरीत कुंडी ठेवली. दुपारी गॅलरी चांगलीच तापायची. पंधरा दिवसांत तीन कळ्या न उमलताच गळाल्या.

मग वाचायला बसले. युरोपातही पूर्वी हाच घोळ झाला होता म्हणे. चीन-जपानकडचं झाड म्हणजे नाजूकच असणार, म्हणून ते काचघरात ठेवायचे. लंडनच्या चिझिक हाउसमध्ये १८१३ चं असं काचघर आहे, त्यात १८२८ पासून कॅमेलिया आहेत. पुढे लोकांना कळलं, की याला थंडी बरीच चालते. कोरडी, गरम हवा मात्र सोसत नाही. शिवाय माती आम्लधर्मी हवी. आपली काळी माती आणि बोअरचं जड पाणी, दोन्ही वर्ज्य!

हे सगळं मी बाबांना वाचून दाखवत होते. मे महिन्यातल्या अँजिओप्लास्टीनंतर बाबा याच गॅलरीत बसून असायचे. डॉक्टरांनी फिरायला सांगितलं होतं, पण आम्हीच "थंडी आहे, ट्रॅफिक आहे" करत त्यांची जगनाडे चौकापर्यंतची चक्कर बंद केली होती.

बाबा शांतपणे म्हणाले, "मंग त्याले काहून कोंडून ठेवलं? अन् मलेही?"

मला काही बोलताच आलं नाही.

त्याच संध्याकाळी कुंडी अंगणात कडुनिंबाच्या सावलीत गेली. आता फिल्टरचं नाही, पावसाळ्यात ड्रममध्ये साठवलेलं पाणी घालते. जानेवारीत उरलेल्या दोनपैकी एक कळी उमलली. फूल पहिल्यांदा बाबांनीच पाहिलं, चक्कर मारून परत येताना.

मे अजून यायचाय. २०१३ च्या मे महिन्यात इथे ४७.९ अंश झालं होतं. हिरवी जाळी आणून ठेवलीय. बघू या.. काच मात्र नको.