लाहौलचा तंदूर आणि आमचं धुराडं

वाचकहो, निफाडची थंडी तुम्हाला ठाऊक आहेच. पारा ५ अंशांच्या खाली उतरला की रात्री द्राक्षबागेत शेकोट्या पेटतात आणि माणसं घोंगड्या पांघरून बागेची राखण करत बसतात. या थंडीची आम्हा लोकांना भारी मिजास. २०२३ च्या ऑक्टोबरअखेरीस तालुक्यातले शेतकरी घेऊन मी हिमाचलच्या सहलीला निघालो, तेव्हा आमच्यातले एक काका गाडीत म्हणालेच, "थंडी काय आम्हाला नवी आहे का?" मनालीला पहिल्या रात्री काका दोन रजयांखाली शिरले, ते सकाळी चहालाच बाहेर आले.

तिथे उतरलो त्या जुन्या बंगल्यात भिंतीतली शेगडी होती. इंग्रजी चित्रात असते तशी, दगडी कोनाडा आणि वर धुराडं. दिसायला मोठी झोकदार. पण ओंडक्यामागून ओंडके खाऊनही तिने आमची तोंडं तेवढी भाजली, पाठी गारच. उघड्या शेगडीचं असंच असतं. बहुतेक ऊब धुराड्यावाटे वर जाते आणि जाताना खोलीतली गरम हवाही ओढून नेते. तिची जागा घ्यायला दाराच्या फटीतून गार वारा आत येतो, तो नेमका पाठीवर.

दुसऱ्या दिवशी अटल बोगद्यातून पलीकडे लाहौलात गेलो. हा ९ किलोमीटरचा बोगदा ऑक्टोबर २०२० मध्ये सुरू झाला. त्याआधी रोहतांगची खिंड बर्फाने बंद झाली की लाहौलचे लोक महिनोन्‌महिने आतच अडकायचे. मनालीकडे देवदाराची गर्द झाडी, बोगद्यापलीकडे उघडे बोडके डोंगर. पाऊस तिकडे फारसा पोचत नाही. लोकांनी पाटाच्या कडेने विलोची झाडं लावलीत. त्यांच्या फांद्या आळीपाळीने छाटायच्या, पाला जनावरांना आणि काटक्या चुलीला. बटाटा, वाटाणा, फ्लॉवर ही तिथली पिकं, तीही सहा महिन्यांत उरकायची.

केलाँगच्या अलीकडे एका शेतकऱ्याच्या घरी आम्ही उतरलो. उंची म्हणाल तर १०,००० फूट. घर पाहून मला आपल्याकडची माळवदं आठवली, तसंच सपाट मातीचं छप्पर. फरक इतकाच की आपण पावसाआधी पांढरी माती टाकतो आणि ते हिवाळाभर फावड्याने बर्फ खाली ओढत बसतात. छपराच्या कडेला चारा आणि सरपण नीट रचलेलं होतं.

आता मुख्य गोष्ट सांगतो. हिवाळ्यात सगळं घर एकाच खोलीत राहतं आणि त्या खोलीच्या मधोमध असतो तंदूर. रोट्या लावायचा मातीचा तंदूर नव्हे बरं का. ही पत्र्याची पायांवर उभी पेटी. पुढे सरपण घालायचं दार, खाली हवेचं भोक, वर झाकणं असलेली तोंडं. एका तोंडावर चहाचं पातेलं, दुसऱ्यावर पाण्याचं भांडं दिवसभर असतं. मागून चार-पाच इंच रुंदीची पत्र्याची नळी सरळ वर जाऊन छपराबाहेर निघते. विस्तव पेटीत बंद असल्याने हवा लागेल तेवढीच आत सोडता येते, लाकूड हळू जळतं. पेटी तापते, नळी तापते आणि खोलीला चारी बाजूंनी ऊब मिळते. भिंतीतल्या शेगडीची काही ऊब भिंतच खाते. इथे वाया जायला जागाच कमी.

आपल्या अंघोळीचा तांब्याचा बंब आठवा. मधून नळी, नळीत विस्तव, भोवती पाणी. युक्ती तीच. हिमाचलात अशा बंबाला हमाम म्हणतात. एक बाहेरच उभा होता. आमच्याबरोबरच्या एका ताईंनी तो फिरफिरून पाहिला आणि म्हणाल्या, "आमचा आम्ही भंगारात घातला की हो!"

मी मात्र त्या नळीकडेच बघत बसलो. खोलीत धुराचा वास नव्हता आणि घरातल्या म्हाताऱ्या अम्मांचे डोळे स्वच्छ होते. कारण सांगतो. नोकरीच्या सुरुवातीला गावोगाव निर्धूर चुली बसवायचं काम माझ्याकडे होतं. पहिली मी हौसेने आमच्याच घरी बसवली. पण नळी कमी पडली, तेव्हा कौलावर वीतभर आली तेवढ्यावरच थांबलो. शेजारचं घर उंच. वारा फिरला की सगळा धूर उलटा घरात. आईने महिनाभर सोसलं आणि एके दिवशी ती चूल फोडून जुनी मांडली. म्हणाली, "बाबा, तुझी चूल तूच पेटव." मी मात्र कागदावर आमचं घर निर्धूर दाखवलं होतं, ते तसंच राहू दिलं. पुढे आईला धाप लागायची. आज ती नाही.

यजमान भाईसाहेबांना विचारलं, तर ते हसले. त्यांचीही नळी पहिल्या वर्षी आखूडच होती. बायकोने स्वयंपाक करणार नाही म्हणून सांगितलं, तेव्हा वाढवली. मग छपरावर चढून मला दाखवलं. नळीला वळणं जितकी कमी तितका ओढा चांगला. दहा फुटांच्या आत भिंत, झाड, छप्पर जे काही उंच असेल, त्याच्यावर नळीचं तोंड दोन फूट तरी हवं. पेटवताना आधी बारीक काटक्यांचा जाळ करायचा म्हणजे नळी तापते आणि धूर वर ओढू लागते. सरपण कोरडं हवं, ओल्याने नळीत काजळी धरते. हिवाळ्यात नळी उतरवून अधूनमधून झाडावी लागते. इतकं साधं होतं हो सगळं!

आणि झोपताना खिडकी बोटभर उघडी. हे अम्मांनी दोनदा बजावलं. बंद खोलीत कोळशाची शेगडी घेऊन झोपलेली माणसं सकाळी उठत नाहीत, असं त्या भागात दर हिवाळ्यात कानावर येतं. कोळशाच्या त्या विषारी वायूला वास नाही, रंग नाही. डोकं जड होतं, गुंगी येते आणि माणूस तसाच जातो. आपल्याकडे कोंबडीची पिल्लं उबवायला शेडमध्ये शेगडी ठेवून, पडदे लावून तिथेच पाठ टेकणारे मी पाहिलेत. तुमच्या घरचं कुणी तसं करत असेल तर आजच उठवा त्याला.

आम्ही निघालो तेव्हा अम्मांनी सगळ्यांना वाळलेल्या जर्दाळूंची मूठ दिली. आमच्या घरी आता गॅस आहे, पण अंघोळीचं पाणी मागच्या पडवीत चुलीवरच तापतं. परत आलो त्याच आठवड्यात बाजारातून साडेचार इंची नळी आणली आणि शिडी लावली. सूनबाई खालून विचारत होती, "मामा, अजून किती वर?" म्हटलं, शेजारचं कौल दिसेनासं होईपर्यंत.