एकटीचं पान: ओसाका ते क्योतो
(जपानची दैनंदिनी, भाग दुसरा)

सोमवार, ओसाका

ओसाकात हॉटेल ठरवताना मी किल्ला कुठे, खरेदीचे रस्ते कुठे यातलं काहीच बघितलं नव्हतं. नकाशावर आधी खानावळी शोधल्या आणि मग त्यांच्या मधोमध झोपायची जागा. एकटीच्या प्रवासात दिवसाची काळजी करावी लागत नाही, तो पायपिटीत निघून जातो. खरा प्रश्न संध्याकाळी सात वाजता उभा राहतो. पाय बोलायला लागलेले, गाव परकं, पाट्या वाचता येत नाहीत. अशा वेळी कुठल्या दारातून आत शिरायचं? आणि शिरल्यावर चार खुर्च्यांच्या टेबलावर एकटीनं बसायचं का? हे आधी ठरलेलं नसलं की पन्नाशीची धडधाकट बाई खोलीत बसून बिस्किटं खाते. म्हणून माझा हिशोब असा: जेवणाच्या जागा दहा मिनिटांच्या चालीत असतील तर खोली घ्यायची. बाकी स्वस्ताई, खिडकीतला देखावा वगैरे नंतर.

नांबा स्टेशनजवळचं हे बिझनेस हॉटेल आहे. खोली बारा चौरस मीटर, पलंग १२० सेंटिमीटर रुंद. बॅग उघडली की चालायला जागा उरत नाही. न्हाणीघर तर एकाच साच्यातून काढल्यासारखं, टब, बेसिन, कमोड सगळं एकमेकांना खेटून. पण उशाशी घडी घातलेला रात्रीचा झगा, सपाता, किटली, खाली नाणी टाकून चालणारं कपडे धुण्याचं यंत्र. जोडप्याला या खोलीत भांडायलाही जागा मिळणार नाही, मला मात्र ती अंगाबरोबर बेतून शिवल्यासारखी वाटली. कामासाठी गावोगाव हिंडणाऱ्या नोकरदारांसाठी ही हॉटेलं निघाली, आणि ती माणसं एकटीच येतात. त्यामुळे इथे भाडंही एकाचंच असतं. आपल्याकडच्या ग्रुप टूरमध्ये ‘सिंगल ऑक्युपन्सी’च्या नावाखाली शेजारच्या रिकाम्या पलंगाचे पैसे भरलेल्या बायकांना यातलं सुख वेगळं सांगायला नको.

बुकिंग करताना दोन गोष्टी बघाव्यात. खोली धूम्रपानमुक्त आहे ना, हे पहिलं. दुसरं, स्टेशनच्या कुठल्या क्रमांकाच्या दारातून बाहेर पडायचं. नांबा किंवा उमेदाच्या जमिनीखालच्या भुलभुलैयात ‘स्टेशनपासून पाच मिनिटं’ याला तो क्रमांक माहीत असला तरच अर्थ आहे. इथल्या घरांच्या जाहिरातींत एक मिनिट म्हणजे ८० मीटर असा ठरलेला हिशोब असतो. त्यात जिने, गर्दी आणि हातातली बॅग धरलेली नसते.

कॅप्सूल हॉटेलचा जन्म याच शहरातला. १९७९ साली किशो कुरोकावा या वास्तुविशारदानं उमेदामध्ये पहिलं उभारलं. स्वस्त आहे आणि बायकांसाठी वेगळे मजलेही असतात. पण कॅप्सूलला कुलूप नसतं, पडदा असतो. वरचं मिळालं तर शिडी चढावी लागते, आणि रात्री दोनदा उठणाऱ्या माणसानं शिडीच्या भानगडीत पडू नये.

संध्याकाळी खाली उतरून तिसऱ्या दुकानात शिरले. दारातच तिकिटाचं मशीन, बटणांवर पदार्थांची चित्रं. हजार येनची नोट घातली, भाजलेल्या माशाचं बटण दाबलं, तिकीट आणि थोडी मोड खणकन खाली. काउंटरवर बसायचं, तिकीट पुढे ठेवायचं. एक शब्द बोलावा लागत नाही. काउंटरवरच्या सगळ्यांची तोंडं स्वयंपाकघराकडे, त्यामुळे कोण एकटं आणि कोण कोणाबरोबर, याची पंचाईत कोणाला नसते. ताटात साबा आला. साबा म्हणजे आपल्या बांगड्याचा थोराड भाऊबंद. उभा चिरून मीठ लावून भाजलेला, कातडीवर सोनेरी फोड आलेले, कडेला तेल अजून चुरचुरतंय. बाजूला किसलेल्या मुळ्याचा ओला गोळा, भात, मिसोचं सूप, दोन फोडी लोणचं. मुळ्यावर सोयाचे चार थेंब टाकून तो माशाबरोबर खायचा, म्हणजे तेलकटपणा जिभेवर राहत नाही. चॉपस्टिकनं काटा काढायला मला रत्नागिरीत वाढल्याचा उपयोग झाला असं म्हणायला आवडलं असतं, पण शेवटी बोटंच लावली. आईला व्हिडिओ कॉल केला. तिकडे दुपारचे चार, ती चहा घेत होती. ताट बघून म्हणाली, “तिखट नाय, कोकम नाय, कसला गो तो बांगडा!”

मंगळवार, ओसाका

सकाळी कोपऱ्यावरच्या दुकानातून ओनिगिरी आणली. भाताचा त्रिकोण आणि त्याभोवती समुद्री शेवाळाचा कागद. प्लास्टिकवर १, २, ३ असे आकडे असतात. मधली पट्टी ओढायची, मग उजवा कोपरा, मग डावा. शेवाळ आणि भात यांच्यामध्ये प्लास्टिकचा पापुद्रा असतो. तो असा निघाला की शेवाळ शेवटपर्यंत कुरकुरीत राहतं. आत उमेबोशी, म्हणजे खारवलेलं आंबट फळ. मुरलेल्या लोणच्यावर वाढलेल्या माणसाला पहिल्या घासातच पटतं.

दुपारी फिरत्या पट्ट्यावरची सुशी. हीसुद्धा इथलीच कल्पना. योशिआकी शिराइशी यांनी १९५८ साली ओसाकाच्या पूर्वेला असं पहिलं दुकान काढलं. एकट्या माणसासाठी याहून सोयीचं काही नाही: बशी समोरून जाते, हवी ती उचला, शेवटी बश्या मोजून पैसे द्या. रामेनची काही दुकानं याच्याही पुढे गेली आहेत. मूळच्या फुकुओकाच्या ‘इचिरान’मध्ये प्रत्येक गिऱ्हाइकाच्या दोन्ही बाजूंना फळ्या, समोर पडदा, वाढणाऱ्याचे फक्त हात दिसतात. तिथला रस्सा डुकराच्या हाडांचा असल्यानं मी बाहेरूनच नमस्कार केला. तसंही मला बोलताना, नूडल्स झटकताना दिसणारा माणूस समोर हवा असतो. एकटं खाणं वेगळं आणि कोंडून खाणं वेगळं.

एकट्याच्या जेवणाला या देशात मानही आहे. ‘कोदोकु नो गुरुमे’ ही चित्रकथा १९९४ पासून मासिकात येऊ लागली, २०१२ पासून तिची टीव्ही मालिका झाली. नायक गोरो कामानिमित्त गावभर हिंडतो, भूक लागते, एखाद्या साध्या खानावळीत शिरतो आणि मनातल्या मनात बोलत पोटभर जेवतो. बस, एवढंच कथानक. आपल्याकडे अशी मालिका काढली तर तिसऱ्या भागात त्याचं लग्न जमवतील.

रात्री मोठी बॅग रिसेप्शनवरून क्योतोच्या हॉटेलात पाठवून दिली. यामातो कंपनीनं १९७६ साली सुरू केलेली ही घरपोच सेवा म्हणजे एकट्या प्रवाशाचा हमाल. पावतीवर पुढच्या हॉटेलचं नाव आणि आपण पोचण्याची तारीख लिहायची. उद्या डोंगरावर पाठीवरच्या पिशवीत एक जोड कपडे, बास.

बुधवार, कोयासान

नांबाहून नानकाई कंपनीची गाडी डोंगरात शिरते, गोकुराकुबाशीला उतरायचं, तिथून पाचेक मिनिटं दोरावरची गाडी, मग बस. वर सुमारे ८०० मीटरवर देवळांचं गाव. शिंगोन पंथाच्या कुकाई या आचार्यांना ही जागा ८१६ साली मिळाली. शंभरावर मठ आहेत, त्यातले पन्नासेक पाहुण्यांना ठेवून घेतात.

पारंपरिक जपानी मुक्कामात भाव खोलीचा नसतो, माणशी असतो आणि त्यात रात्रीचं व सकाळचं जेवण आलं. ऐकायला एकट्यासाठी उत्तम, पण यात एक मेख आहे. चटयांच्या एका खोलीत चौघं राहू शकतात, म्हणून बरेच रियोकान, म्हणजे पारंपरिक पाहुणघरं, एकट्याला घेतच नाहीत, किंवा घेतलं तर जादा लावतात. मठांचं तसं कमी. यात्रेकरू एकटा येणार हे त्यांना शेकडो वर्षांपासून ठाऊक आहे. फक्त पाचच्या आत पोचायचं, कारण जेवण साडेपाचला.

माझ्या खोलीच्या दाराला कडी नव्हती. कागदी सरकती दारं, किमती वस्तूंसाठी छोटी तिजोरी. पलीकडच्या खोलीतलं खोकणं ऐकू येत होतं. ज्या बाईला कडी लावल्याशिवाय झोप येत नाही तिनं बुकिंगआधी हे विचारून घ्यावं. हल्ली काही मठांत कुलपाच्या खोल्याही आहेत. न्हाणी सामायिक, बायकांची वेगळी, आणि तिथे अंगावर काही घालून उतरत नाहीत. मी सगळ्यांचं उरकल्यावर गेले.

जेवण एका बुटक्या लाल चौरंगावर आलं. कांदा नाही, लसूण नाही, मासळीचा अर्कही नाही. एरवी जपानमध्ये शाकाहारी माणसाला हा अर्क छळतो, कारण साध्या भाजीच्या रश्श्यातही तो असतो. इथला रस्सा शेवाळ आणि सुक्या अळंब्यांचा. गोठवून वाळवलेला तोफू रश्श्यात भिजून फुगलेला, दाबला की गोडसर पाणी सुटतं. तिळाचा ‘गोमादोफू’ चमच्यानं कापला तर थरथरला आणि जिभेवर ठेवल्यावर विरघळला. प्रत्येकाचा चौरंग वेगळा, प्रत्येकाचं पान पूर्ण. आमच्या घरी चातुर्मासात हे सगळं ‘उपासाचं चाललंय’ म्हणून नाक मुरडत खाल्लं जातं.

गुरुवार, कोयासान ते क्योतो

पहाटे गाभाऱ्यात होम झाला. समिधा, तूपकट धूर, मोठा ढोल. थंडीनं पाय बधिर झाले होते, त्यामुळे भक्ती आणि शेकोटी यांतलं मी काय जास्त घेतलं ते सांगत नाही.

मग ओकुनोइनची दफनभूमी. उंच देवदारांखाली दोन लाखांवर स्मारकं, कित्येक दगडांवर सिद्धम लिपीतली भारतीय अक्षरं. अगदी टोकाला कुकाईंची समाधी. ८३५ साली ते गेले असं इथे कोणी म्हणत नाही, ते ध्यानात बसले आहेत असं मानतात. माणूस बसलेला आहे म्हटल्यावर जेवण आलंच. रोज सकाळी सहा आणि साडेदहा वाजता मुदपाकखान्यातून त्यांच्यासाठी ताट निघतं. मी साडेदहाचं पाहिलं. भगव्या वस्त्रातले भिक्खू, दोघांच्या खांद्यावर पांढरी लाकडी पेटी. वाटेत छोट्या देवळापाशी चव घेणाऱ्या देवाला दाखवून पुढे पूल ओलांडून आत. पुलापलीकडे फोटो नाही, खाणं नाही. घाई नाही आणि दिमाखही नाही, रोजचं काम. जवळपास बाराशे वर्षं एका माणसाचं पान वाढलं जातंय आणि त्याला ‘आणखी कोण आहे का बरोबर?’ असं कोणी विचारलेलं नाही.

बाकीचा दिवस गाड्या बदलण्यात गेला. क्योतोत बॅग माझ्याआधी पोचलेली.

शुक्रवार, क्योतो

क्योतोत लोकांना जुन्या लाकडी घरात, माचियात राहायचं असतं. मी नाही घेतलं. अख्ख्या घराचं भाडं, किल्ली पेटीतून काढायची, रिसेप्शनला माणूस नाही, आणि नोव्हेंबरच्या थंडीत एकटीनं दोन मजले गरम करायचे. पानगळीच्या हंगामात इथले दर मुळातच चढलेले. वर २०१८ पासून शहराचा मुक्कामकर आहे, तोही माणशी, रात्रीगणिक. मी शिजोजवळ पुन्हा तसलीच चिमुकली खोली घेतली आणि वाचलेले पैसे जेवणाकडे वळवले.

दुपारी नदीकाठच्या नाट्यगृहाशेजारी ‘मात्सुबा’त निशिन सोबा खाल्ला. बकव्हीटच्या नूडल्सवर गोड शिजवलेला सुका हेरिंग, १८८२ पासून हे इथे मिळतं. समुद्रापासून लांबचं शहर, म्हणून मासे वाळवून किंवा खारवून यायचे. साबा तर वाकासाच्या किनाऱ्यावरून सत्तरेक किलोमीटर माणसांच्या पाठीवरून यायचा आणि त्या वाटेला सरळ ‘साबाची वाट’च म्हणतात. आमच्याकडेही सुकी मासळी घाट चढून देशावर गेलेलीच आहे.

संध्याकाळी एका गल्लीतल्या आठ खुर्च्यांच्या जेवणघरात डोकावले, एक बोट वर केलं. मालकानं हसत दोन्ही हात छातीपुढे फुलीसारखे धरले. चार खुर्च्या रिकाम्या होत्या. अपमान वाटून घेतला नाही. इथे काही ठिकाणी ओळखीशिवाय घेत नाहीत आणि बऱ्याच ठिकाणी आरक्षणच दोघांपासून सुरू होतं. यावर उपाय हॉटेलच्या रिसेप्शनवर असतो. तिथल्या मुलीला सांगितलं, ‘एकटीच आहे, काउंटर चालेल, उघडल्या उघडल्या येते.’ तिनं फोन केला आणि दोन मिनिटांत काम झालं.

तिनं ठरवून दिलेलं दुकान ओबानझाईचं होतं. क्योतोचं घरगुती जेवण. काउंटरवर मोठमोठे वाडगे मांडलेले: भोपळा, तळून मुरवलेलं वांगं, पालक आणि तीळ, छोटे मासे मिरीबरोबर आटवलेले. बोट दाखवायचं. मी पाच वाडग्यांकडे बोट दाखवल्यावर मालकीणबाईंनी माझ्याकडे एकदा नीट पाहिलं आणि प्रत्येकातलं निम्मं निम्मं वाढलं. बिलही निम्म्याचं लावलं. न मागता आलेल्या पहिल्या वाटीचे तीनशे येन मात्र बिलात होते. असल्या बैठ्या जागांत ती वाटी म्हणजे बसण्याचं भाडं. हे आधी माहीत असावं, नाहीतर उगाच वाद. टिप ठेवू नये, ती घेत नाहीत आणि पैसे विसरलात म्हणून मागे धावत येतात.

बॅग आता टोकियोला निघाली आहे. तिथे शिंजुकूच्या ‘नाकामुराया’त जायचं आहे. इंग्रजांपासून लपलेल्या रासबिहारी बोसांना १९१५ साली याच दुकानाच्या मालकांनी आसरा दिला, पुढे मुलगी दिली, आणि बोसांनी सांगितलेली करी १९२७ पासून तिथे मिळते. ती कितपत आपली आहे आणि एकटीला कुठे बसवतात, ते पुढच्या आठवड्यात.