साठवर ठेव!

"तू लिही ना मराठीत काहीतरी," असं मॅगझिनच्या एडिटरने मेसच्या रांगेत सांगितलं तेव्हा मी मागे वळून पाहिलं. मला वाटलं, माझ्या मागे कोणीतरी उभं आहे! कारण अस्मादिक पक्के कॉन्व्हेंटचे. शाळेत मराठीत बोललं की पाच रुपये फाइन. एकोणसाठ आणि एकोणसत्तर यांत माझा आजही गोंधळ होतो. पण मराठी आकड्यांपैकी 'साठ' मात्र मी आता जन्मात विसरणार नाही. त्याचीच ही गोष्ट. ऱ्हस्व-दीर्घ सांभाळून घ्या.

तर मंडळी, आपल्या कॉलेजची फॉर्म्युला स्टुडंट टीम तुम्हाला माहीतच आहे. वर्कशॉपच्या मागच्या शेडमध्ये रात्री दोन वाजता ग्राइंडर चालवून तुमची झोप मोडणारी ती हीच माणसं. मी टीममध्ये आले ती ब्रेक्ससाठी. पेडल रेशो, ब्रेक बायस, सगळी कॅल्क्युलेशन्स मी वही भरभरून केली होती. पण एक दिवस कॅप्टनला कळलं की माझ्या काकांचा मंचरला फोटो स्टुडिओ आहे. झालं! "स्पॉन्सरला फोटो पाठवायचेत. तू कॅमेरा आण. ब्रेक्सचं आम्ही बघतो."

वाईट वाटलं. पण फर्स्ट इयर नुकतंच संपलेलं, बोलणार कोण? काकांचा जुना निकॉन आणि ७०-३०० ची लेन्स घेऊन आले. पार्किंगमध्ये टेस्टिंग होतं. मी विचार केला, गाडी फास्ट, म्हणजे शटरही फास्ट हवं. सरळ १/२००० ठेवलं आणि चारशे फोटो काढले. एकही हललेला नाही! टायरवरची अक्षरंसुद्धा वाचता येत होती. मी खूश.

फोटो आमच्या स्पॉन्सरकडे गेले. त्यांचा फोन आला, "फोटो छान आहेत. पण गाडी चालू झाली की कळवा, मग पुढच्या हप्त्याचं बघू."

शेडमध्ये दोन मिनिटं कोणीच बोललं नाही. मग कॅप्टनने लॅपटॉप माझ्याकडे वळवला. खरंच, गाडी पार्क केल्यासारखी दिसत होती. ड्रायव्हर नुसताच हेल्मेट घालून बसलाय!

त्या रात्री रूमवर वही काढली. ताशी ६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला साधारण १६.७ मीटर. १/२००० सेकंदात गाडी सरकते जेमतेम ८ मिलिमीटर. आमच्या टायरचा बाहेरचा व्यास १८ इंच, म्हणजे परीघ अंदाजे १.४४ मीटर, म्हणजे चाक सेकंदाला साडेअकरा फेरे मारतं. १/२००० मध्ये ते फिरतं फक्त २ अंश. दिसणार काय, कप्पाळ? तेच १/१२५ ठेवलं तर चाक ३३ अंश फिरतं आणि १/६० ला तब्बल ७० अंश. पण १/६० मध्ये गाडीही २८ सेंटिमीटर पुढे जाते! म्हणजे चाकाबरोबर सगळीच गाडी पुसून जाणार. मग करायचं काय?

दिवाळीत काकांना विचारलं. काका म्हणाले, "उद्या बैलगाड्याला चल माझ्याबरोबर."

सुप्रीम कोर्टाने २०१४ मध्ये शर्यतींवर बंदी घातली होती, ती डिसेंबर २०२१ मध्ये उठली आणि काकांचा हा सीझन पुन्हा सुरू झाला. घाटाच्या कडेला आम्ही उभे. माइकवर आरडाओरडा, भंडारा, धुरळा. काकांनी कॅमेरा शटर प्रायॉरिटीवर टाकला, फोकस कंटिन्युअसवर आणि शटर १/१२५ वर. म्हणाले, "पाय रोव. दोन्ही कोपर अंगाशी. आता कमरेतून वळ, पायातून नाही. गाडा लांब असतानाच त्याला धर, समोर आला की दाब, आणि दाबल्यावर थांबू नकोस. बॅट फिरवल्यावर थांबतो का कोणी?"

"पण काका, फोटो हलणार ना?"

"हलू दे की. जे पळतंय त्याच्याबरोबर तू पळ. मग बाकीचं जग हलतं. ते हलायलाच पाहिजे."

सायंटिफिक भाषेत सांगायचं तर कॅमेऱ्याचा आणि गाड्याचा अँग्युलर स्पीड एक झाला की गाडा सेन्सरवर एकाच जागी राहतो आणि मागचं सगळं आडवं वाहून जातं. यालाच पॅनिंग म्हणतात. पहिल्या शंभर फोटोंत माझे चार बरे आले. एकात नुसतीच बैलाची शिंगं. काकांनी ते चार पाहिले आणि म्हणाले, "आता साठवर ठेव." साठवर शंभरात एक आला. पण तो एक पाहिला आणि अंगावर काटा आला. बैलांचे डोळे स्पष्ट, आणि पाय म्हणजे नुसता धूर!

आणखी एक गोष्ट मला तिथे कळली. दुपारच्या उन्हात आयएसओ १०० ला १/१०० असेल तर अॅपर्चर साधारण एफ-१६ लागतं. साठवर गेलं की आणखी बंद करावं लागतं आणि मग सेन्सरवरची धूळ आभाळात काळ्या ठिपक्यांसारखी दिसते. त्यावर काकांनी लेन्सवर पोलरायझर चढवून दिला. "कॅमेऱ्याला गॉगल," म्हणाले.

जानेवारीत आम्ही फॉर्म्युला भारतसाठी कोईमतूरला गेलो. तिथल्या चेट्टीपाळयमचा कारी मोटर स्पीडवे हा एस. करिवर्धन यांच्या नावाचा. नारायण कार्तिकेयन, म्हणजे २००५ मध्ये फॉर्म्युला वनमध्ये उतरलेला पहिला भारतीय, याच कोईमतूरचा. त्या गावात आपण ब्रेक टेस्टला उभं राहायचं म्हणजे... असो.

ब्रेक टेस्टचा नियम सोपा. वेग घ्या, ब्रेक दाबा, चारही चाकं लॉक झाली पाहिजेत. नाहीतर ट्रॅकवर पुढच्या इव्हेंटला जाताच येत नाही. पहिल्यांदा जज म्हणाले, नाही. दुसऱ्यांदा, नाही. आमच्यात भांडण सुरू. कोणी म्हणे लाइनमध्ये हवा आहे, कोणी म्हणे पॅड नवीन आहेत, कोणी म्हणे जजलाच दिसत नाही.

मी कुंपणाबाहेरून १/१२५ वर पॅन करत होते. स्क्रीनवर झूम केलं आणि एकदम ट्यूब पेटली. पुढच्या चाकाचे स्पोक मोजता येत होते, म्हणजे ते थांबलेलं. मागच्या चाकाचे स्पोक पुसलेले, म्हणजे ते अजून फिरत होतं! १/२००० ला हे कधीच दिसलं नसतं, दोन्ही चाकं सारखीच थांबलेली दिसली असती. मी कॅमेरा घेऊन धावत गेले. "बायस मागे घ्या. पुढचं आधी लॉक होतंय."

कॅप्टनने फोटो पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं, आणि पाना माझ्याच हातात दिला. बायस बार मी फिरवला. तिसऱ्यांदा चारही चाकं लॉक झाली. रबराचा तो वास मला जगातल्या कुठल्याही परफ्यूमपेक्षा आवडतो.

शेवटच्या दिवशी एन्ड्युरन्स. बावीस किलोमीटर, मध्ये ड्रायव्हर बदलायचा. दुसरा ड्रायव्हर आमचा फायनल इयरचा दादा. वर्षभर गाडीखाली झोपून काम केलेला, आणि स्पर्धेत गाडी चालवायची त्याची ही पहिली आणि शेवटची संधी. मी ठरवलं होतं, पहिल्या ड्रायव्हरला सेफ फोटो, आणि दादाला साठवर. म्हणून सुरुवातीला २५०, मग १२५. वळणावर गाडीचं नाक आणि शेपूट वेगवेगळ्या वेगाने फिरतात, सगळी गाडी शार्प येतच नाही. म्हणून फोकस पॉइंट फक्त हेल्मेटवर. एक फोटो असा आला, की मी तिथेच ओरडले. बाजूच्या टीमवाल्यांनी दचकून पाहिलं.

मग गाडी ड्रायव्हर चेंजला आली. मी शटर साठवर केलं, दादासाठी. दादा बसला, बेल्ट लावले, व्हायजर खाली केला. स्टार्टर दाबला. घर्रर्र... आणि काही नाही. पुन्हा. पुन्हा. इंजिन तापलेलं, उचलेचना. वेळ संपली.

काय करावं ते कळेना म्हणून मी बटन दाबलं. साठवर असलेला तो फोटो असा आलाय. भोवतीची सगळी माणसं हललेली, हात, टोप्या, लाल झेंडीसारखा कोणाचा तरी टीशर्ट. मधोमध दादा मात्र अगदी स्थिर. दोन्ही हात स्टिअरिंगवर.

तो फोटो मी कोणालाच दाखवणार नव्हते. परतीच्या ट्रेनमध्ये दादाने कॅमेरा मागितला आणि एकेक फोटो पाहत तिथवर पोचला. बराच वेळ पाहत बसला. मी म्हटलं, "डिलीट करू का?"

"वेडी आहेस का? हाच पाठव मला," दादा म्हणाला. "पहिल्यांदाच कोणीतरी मला गाडीत बसलेलं पकडलंय. एरवी सगळ्या फोटोंत माझे पायच दिसतात."

स्पॉन्सरला मी वळणावरचा फोटो पाठवला. त्यांनी फ्रेम करून ऑफिसमध्ये लावलाय आणि हप्ताही आला. दादा पास आउट होऊन गेला. हॉट स्टार्टचा प्रॉब्लेम ज्युनिअर्स शोधतायत. या वर्षी ब्रेक्स माझ्याकडे आहेत, आणि कॅमेराही. शेडमध्ये कोणालाही शिकायचं असेल तर या, मेसमागच्या रस्त्यावर सायकली पॅन करून सुरुवात करू.

काकांना सगळे फोटो दाखवले. त्यांनी चष्मा वर करून नीट पाहिले. म्हणाले, "बरे आलेत. आता तिसावर ठेव."