दमा आम्ही पाहिला आहे!

आमच्या वडिलांस दमा होता. श्रावणात झड लागली, की ते रात्रच्या रात्र लोडास टेकून बसून काढीत. आडवे होताच श्वास कोंडे. चरकाने श्वासरोगाचे पाच प्रकार सांगितले आहेत. त्यांपैकी ढगाळ, थंड हवेने वाढणारा व उठून बसल्याने हलका होणारा जो 'तमक' श्वास, त्याचे वर्णन वाचताना आम्हांस वडीलच डोळ्यांपुढे दिसतात.

पुढे आमच्या कन्येस धावल्यावर खोकला व धाप येऊ लागली, तेव्हा आम्ही मोठ्या दिमाखाने म्हणालो, "हा दमा नव्हे, दमा आम्ही पाहिला आहे!" या शहाणपणापायी तिचे एक वर्ष फुकट गेले. अखेर डॉक्टरांनी समजाविले, की दम्यास निमित्ते अनेक: कोणास परागकण वा धूळ, कोणास पडसे, कोणास व्यायाम, तर बेकरीत राबणाऱ्यास पिठाची भुकटी. श्वासनलिका सुजून आकसणे मात्र बहुधा सर्वांत सारखेच.

'पंपाची सवय लागेल,' ही आमची भीतीही व्यर्थ ठरली. सूज शमविणारे औषध रोज नियमाने ओढून कन्या आज मैदानावर धावते आहे.

परवा शेजारच्या मुलास धाप लागलेली पाहून जुनेच वाक्य आमच्या ओठांवर आले होते. ते गिळून, त्यास डॉक्टरांकडे न्यावे, एवढेच आम्ही त्याच्या आईस सुचविले.