बिल्बाओतली चक्कर

मधुमेहाच्या गोळ्या घेता आणि प्रवासाला निघालात? मग आधी माझीच चूक ऐका.

आम्ही दोघं स्पेनमधल्या बिल्बाओला गेलो होतो. दिवसभर आधुनिक कला पाहायची आणि दुपारी बास्क पद्धतीचं झकास जेवायचं, एवढाच बेत. जेवणाला पोटात जागा राहावी म्हणून आमच्या ह्यांनी सकाळी आठला एक टोस्ट आणि कॉफीवर भागवलं. ग्लिमेपिराइडची गोळी मात्र नेहमीसारखी घेतली. मी डॉक्टर, समोरच बसलेली, आणि काहीही बोलले नाही.

फ्रँक गेरी यांनी आखलेलं गुगेनहाइम संग्रहालय १९९७ साली उघडलं. बाहेर जेफ कून्सचा फुलांनी मढलेला अवाढव्य कुत्रा, आत रिचर्ड सेरा यांचं ‘द मॅटर ऑफ टाइम’. गंजाच्या रंगाच्या उंचच उंच पोलादी भिंती, कधी अंगावर कलणाऱ्या, कधी दूर जाणाऱ्या. त्यांच्यामधल्या वळणदार बोळातून चालताना तोल जातोय असं वाटतं. डोळे भिंतीकडे पाहून सरळ काय ते ठरवतात. आतला कान आणि तळपाय वेगळंच सांगतात. मेंदूचा गोंधळ उडतो. म्हणून हे “अगं, गरगरतंय” म्हणाले तेव्हा मी हसले. “म्हणजे शिल्प कळलं तुम्हाला!”

बाहेर येऊन बाकावर बसलो. अशी चक्कर सरळ भिंतीकडे पाहत बसलं की लवकर थांबते. ती थांबेना. गार दालनात कपाळावर घाम, हात थरथरत होते, आणि काही विचारलं की वैतागून उत्तर. हा माणूस एरवी चिडत नाही. ग्लुकोमीटर काढला: ५८.

रक्तातली साखर ७० च्या खाली म्हणजे कमीच. ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतं, तुम्ही जेवला आहात की नाही याची वाट न पाहता. त्यात तीन तासांची पायपीट, स्नायूंनी साखर ओढून घेतलेली. आणि स्पेनमध्ये दोनच्या आधी सहसा कोणी जेवत नाही!

पर्समधली ग्लुकोज पावडर, तीन मोठे चमचे, पाण्यात ढवळून दिली. दालनात खायला-प्यायला मनाई असणार. मी विचारत बसले नाही. चॉकलेट दिलं नाही, कारण त्यातल्या चरबीमुळे साखर रक्तात उशिरा पोचते. (माणूस गुंगीत असेल तर तोंडात काहीच घालू नका, थेट रुग्णवाहिका बोलवा.) पंधरा मिनिटांनी ८९. मग कॅफेत बटाट्याचं ऑम्लेट आणि पाव. या गोळीचा परिणाम तासन्‌तास टिकतो, त्यामुळे नुसत्या साखरेवर थांबून चालत नाही.

तासाभराने १२६. हे हट्टाने पुन्हा त्या बोळात शिरले. गरगरलंच, पण बाहेर येऊन बसल्यावर दोन मिनिटांत थांबलं.

जेवायला जुन्या गावातल्या प्लाझा नुएव्हात गेलो. गिल्डा, म्हणजे काडीला टोचलेलं ऑलिव्ह, अँकोव्ही मासा आणि मिरची, चवीला अप्रतिम. पण त्यात पिष्ट जवळजवळ नाहीच. त्यामुळे आधी पाव आणि मगच गिल्डा, असा माझा हुकूम. चाकोली वाइन मी एकटीने प्यायले. दारूमुळे यकृताचं साखर सोडणं मंदावतं, आणि त्या दिवशी तो धोका नको होता. ह्यांनी माझ्या ग्लासाकडे फारच केविलवाणं पाहिलं. दुसऱ्या दिवशी नाश्त्याला दोन अंडी, तीन टोस्ट, आणि गोळी त्यासोबत.