दादांचे हृदय आणि आमची चिंता

आमच्या दादांच्या हृदयावर ‘अ‍ॅब्लेशन’ करावयाचे ठरले, तेव्हा आम्हां भावंडांना त्यांच्या हृदयापेक्षा मेंदूचीच काळजी अधिक वाटली. नेपानगरच्या कागद कारखान्यात आयुष्य काढलेला हा माणूस. नुसत्या आवाजावरून यंत्राचे दुखणे ओळखणारा. अशा माणसाला या उपचाराने विसराळूपणा येतो, असे कोणीतरी आमच्या कानांवर घातले.

दादांच्या हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन न पावता नुसते थरथरत. अशा कप्प्यात रक्त साकळते आणि गुठळी मेंदूकडे गेली, तर पक्षाघात होतो. त्याचा धोका सुमारे पाचपट असतो. बुद्धिभ्रंशाशीही या विकाराचे नाते आढळले आहे. म्हणजे काहीही न करणे मेंदूला मानवणारे नव्हतेच!

फुप्फुसांतून हृदयाकडे येणाऱ्या शिरांच्या मुखांशी या बेबंद ठोक्यांचा उगम बहुधा असतो, हे फ्रान्समधील बोर्दोच्या डॉक्टरांनी १९९८ साली दाखविले. जांघेतील शिरेतून बारीक नळी हृदयात नेऊन त्या मुखांभोवती डाग देतात. मात्र या खटाटोपात सूक्ष्म गुठळ्या वा हवेचे बुडबुडे मेंदूत जाऊ शकतात. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत, एमआरआय काढलेल्या रुग्णांपैकी सुमारे चौथ्या हिश्शाच्या मेंदूत असे बारीक नवे ठिपके दिसले. परंतु तीन महिन्यांनी घेतलेल्या बुद्धीच्या चाचणीत रुग्णांचे गुण एकंदरीत थोडे वाढलेच होते. वर्षानुवर्षांनंतर त्या ठिपक्यांचे काय होते, याचा निकाल अजून लागावयाचा आहे.

आमची चाचणी घरगुती होती. भुसावळहून घराकडे येणाऱ्या गाडीची स्थानके दादांना तोंडपाठ. उपचारानंतरच्या आठवड्यात सावद्यानंतर ते थेट रावेरला पोहोचले, निंभोरा गळले! वहिनींचा चेहरा उतरला. महिन्याभरात निंभोरा आपोआप जागेवर आले. अर्थात, गुंगी, जागरण आणि इस्पितळातले परके वातावरण यांनी तरण्या माणसालाही स्थानके चुकतील.

आता वाद निराळाच आहे. ठोका सुधारला, मग रक्त पातळ ठेवणारी गोळी कशाला, असे दादा म्हणतात. डॉक्टर म्हणतात, गोळी ठोक्यावर ठरत नाही. वय, रक्तदाब आणि मधुमेह पाहून ठरते. दादांना यांतले पहिले दोन्ही लागू आहेत. वहिनी रोज रात्री गोळी हातावर ठेवून, ती गिळेपर्यंत समोर उभ्या राहतात.