हाएनचं काळं पाणी

दोस्तांनो, चला स्पेनला! दक्षिणेकडच्या अंदालुसियात हाएन नावाचा प्रांत आहे. तिथल्या कुठल्याही टेकडीवर चढा आणि चौफेर बघा. ऑलिव्हच ऑलिव्ह! या एका प्रांतात ऑलिव्हची म्हणजे जैतुनाची सहा कोटींहून जास्त झाडं आहेत.

हिवाळ्यात झाडांखाली जाळ्या अंथरून फळं पाडतात आणि घाण्यावर नेतात. साधारण पाच किलो फळांतून एक लिटर तेल निघतं. मागं उरतो चोथा आणि काळं, कडू पाणी. तिकडचे लोक त्याला 'आल्पेचिन' म्हणतात.

पूर्वी हे पाणी सरळ ओढ्या-नद्यांत सोडत. घरच्या सांडपाण्यापेक्षा त्यात शंभरपट घाण असू शकते. ती कुजताना नदीतला प्राणवायू संपतो आणि मासे गुदमरतात. अखेर 1981 साली स्पेनच्या सरकारनं नवा कायदा केला. पाणी नदीत न सोडता उन्हात आटवायचं ठरलं आणि त्यासाठी तळी खोदली गेली. नदीला दिलासा मिळाला, पण तळ्यांची दुर्गंधी सुटली! पुढं 1990 नंतर कमी पाणी लागणारी यंत्रं आली. तरी फळं आणि तेल धुतलेलं पाणी उरतंच.

तुम्ही म्हणाल, 'मग त्यात जिवाणू सोडा, ते घाण खातील.' पण इथंच तर खरी अडचण आहे! ऑलिव्हच्या कडूपणामागं पॉलिफेनॉल नावाची द्रव्यं असतात. ती फळाला रोगांपासून वाचवतात; पण पाण्यात उतरली की घाण खाणाऱ्या जिवाणूंनाच मारतात.

मग मदतीला आलं रसायनशास्त्र. 1894 साली हेन्री फेंटन या इंग्रज शास्त्रज्ञानं चिंचेत असतं त्या टार्टारिक आम्लावर एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात लोखंडाचा क्षार आणि हायड्रोजन पेरॉक्साइड होतं. हो, जखमेवर टाकल्यावर फसफसतं तेच! दोघं भेटले की 'हायड्रॉक्सिल' नावाचे अतिचपळ कण तयार होतात. ते पॉलिफेनॉलचे मोठे रेणू तोडत जातात. शेवटी बऱ्याच घाणीचा कार्बन डायऑक्साइड आणि पाणी होतं. लोखंड तांबूस गाळ होऊन तळाशी बसतं. ग्रानादा विद्यापीठातल्या संशोधकांनी घाण्यांच्या पाण्यावर ही रीत वापरून पाहिली आहे. घरी मात्र हा प्रयोग नको हं!

रसायनांना पैसे पडतात, गाळही उरतो. म्हणून आधी पाणी कमी वापरणं हेच शहाणपण.

आता एक काम करा. तुमच्या गावाजवळच्या कारखान्याचं पाणी कुठं जातं, ते आईबाबांना विचारा.